आठवणींतलें गांव

घरांतला मुलगा अगर मुलगी मानवशास्त्र शिकण्याचें मनांत आणूं लागली, कीं वडील माणसें प्रथम उपजीविकेविषयीं विचारतात. तें योग्यच आहे. त्यांचा दुसरा प्रश्न मात्र अधिक मार्मिक असतो. डोंगरदऱ्यांतल्या दूरच्या जमातींचा अभ्यास समजूं शकतो. पण आपल्याच मुलखांत, आपलीच भाषा बोलणाऱ्या माणसांत शिकण्यासारखें नवीन तें काय असणार? प्रा. एम. एन. श्रीनिवास यांचा 'द रिमेंबर्ड व्हिलेज' हा १९७६ सालचा इंग्रजी ग्रंथ या प्रश्नाचें उत्तर देतो. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढें तो नमुन्यादाखल ठेवण्यांत येतो. तो नमुना कितपत मानावा, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

श्रीनिवास मूळचे म्हैसूरचे, मुंबईस प्रा. घुर्ये यांचे शिष्य, नंतर ऑक्सफर्डचे. १९४८ सालीं ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले. ग्रंथांत त्यास त्यांनीं 'रामपुर' असें नांव दिलें आहे. पुढें एप्रिल १९७० मध्यें, अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें ते ग्रंथलेखनास बसले असतां, कोणीं तरी लावलेल्या आगींत त्यांनीं वर्षानुवर्षें खपून सिद्ध केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. स्मरणावरूनच लिहावें, असा सल्ला सॉल टॅक्स या मानवशास्त्रज्ञानें दिला. त्यांतून हा ग्रंथ झाला.

ग्रंथ अतिशय वाचनीय आहे. कोष्टकांच्या जागीं येथें माणसें आहेत. लेखकाचा मुक्काम पाटलाच्या बैलांच्या घरांत. तेथेंच गांवकऱ्यांची येजा. हा ब्राह्मण पाहुणा स्नानानंतर दाढी करतो हें लक्षांत येतांच, जातीनें शेतकरी असलेल्या पाटलानें त्याला हटकलें! ऑक्सफर्डहून आलेल्या पंडिताची अशी हजेरी घेतली जावी, यांत गंमत आहेच; पण सोंवळ्याओंवळ्याचा पहारा केवळ ब्राह्मणच करतात, ही आपली समजूतही तेथें ढांसळते. बरें, हाच गांव वीज आणि यंत्रें यांसाठीं आतुर झालेला. जुनें सोडल्यावांचून नवें येत नाहीं, असें शहरांत बसून म्हणणाऱ्यांनीं हीं प्रकरणें सावकाश वाचावींत.

टिपणें जळालीं तें ग्रंथाच्या पथ्यावरच पडलें, असें म्हणण्याचा मोह यामुळें होतो. आम्हांस तें मान्य नाहीं. स्मरणशक्ति ही मोठी पक्षपाती असते. जो रोज ओसरीवर येऊन बोलला, भांडला, रुसला, तो वीस वर्षांनींही डोळ्यांपुढें उभा राहतो; ज्याच्या वस्तींत आपण क्वचितच गेलों, त्याचें नांवही आठवत नाहीं. टिपणवही रुक्ष खरी, परंतु दोघांनाही ती सारखीच जागा देऊं शकते. म्हणून या ग्रंथांत पाटील व त्याच्या बरोबरीचे कुळंबी यांचीं चित्रें ठसठशीत उतरलीं आहेत, आणि अस्पृश्य मानिलेल्या लोकांची वस्ती मात्र धुक्यांत राहिली आहे.

आपण गांव उच्चवर्णीय हिंदूंच्या बाजूनें पाहिला, याची कबुली लेखकानें स्वतःच दिली आहे. हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे. परंतु कबुलीनें उणीव भरून निघत नाहीं. पाटलाच्या आश्रयास राहावयाचें, स्वयंपाक्यासह ब्राह्मणाचा आचार सांभाळावयाचा, आणि सर्वांच्या घरांत सारख्याच मोकळेपणानें शिरावयाचें, हें १९४८ सालच्या खेड्यांत जमण्यासारखें नव्हतें. आपल्याच समाजाच्या अभ्यासकास भाषा फुकट मिळते, पण जातही बरोबर येते. हा पेंच ग्रंथांत पानोपानीं जाणवतो. लेखकानें मात्र त्याचा विचार थोडक्यांत उरकला आहे.

विद्यार्थ्यानें हा ग्रंथ दोनदां वाचावा. पहिल्यानें पाटलासाठीं. दुसऱ्यानें वाचतांना हाताशीं कागद घ्यावा, आणि जीं माणसें एकदांच येऊन जातात, एखादें काम करून दिसेनाशीं होतात, त्यांचीच नोंद करावी.