कोरलेला पाऊस

पाऊस चित्रात आणणं मोठं अवघड काम. बरेच चित्रकार पावसाच्या खुणा रंगवून वेळ मारून नेतात: ओला चकचकीत रस्ता, उघडलेल्या छत्र्या, धूसर झालेली झाडं. पाऊस आपण समजून घ्यायचा. उतागावा हिरोशिगे या जपानी चित्रकाराने १८५७ साली एका मुद्राचित्रात, म्हणजे लाकूड कोरून छापलेल्या चित्रात, खुद्द पाऊसच उभा केला. शिन-ओहाशी पुलावर आणि पलीकडच्या आताके भागावर कोसळणारी अवचित सर हा त्याचा विषय. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या मुद्राचित्रांत ते गणलं जातं आणि पुनःपुन्हा पाहूनही शिळं होत नाही. ते का, हे शोधायचं तर चित्राइतकंच ते ज्या लाकडातून आलं त्याकडेही पाहावं लागतं.

आजच्या तोक्योचं तेव्हाचं नाव एदो. १८५५ च्या मोठ्या भूकंपाने हे शहर हादरलं आणि पुढच्याच वर्षी ‘एदोची शंभर नामांकित दृश्यं’ ही हिरोशिगेची मालिका निघू लागली. प्रकाशक उओया एइकिची. नावात शंभर असले तरी चित्रं शंभराच्या वर गेली. हिरोशिगे जन्माने एदोचाच, १७९७ चा. घराण्याकडे शहरातली आग विझवण्याचं काम होतं आणि ते त्यानेही वडिलांमागे काही वर्षं केलं. गल्लीबोळ, पूल, नदीकाठ यांची त्याला असलेली माहिती घरच्या माणसाची होती. १८५८ साली तो गेला. म्हणजे हा पाऊस त्याच्या शेवटच्या वर्षांतला, हात पुरता तयार झाल्यानंतरचा.

कागद लहानच, जेमतेम ३६ सेंटिमीटर उंच आणि २४ सेंटिमीटर रुंद. खालच्या भागात लाकडी पूल, पिवळसर, किंचित कमानदार. खाली सुमिदा नदी. पुलावरची माणसं सरीने गाठलेली. कुणी छत्री पुढे कलती धरली आहे, कुणी एकाच छत्रीत दाटीवाटीने शिरले आहेत, कुणी डोक्यावर चटई ओढून पळतो आहे. किमोनो वर खोचलेले, पोटऱ्या उघड्या. बहुतेकांचे चेहरे दिसतच नाहीत आणि त्यावाचून काही अडतही नाही. वाकलेली पाठ आणि उचललेलं पाऊल यांत सगळं कळतं. नदीत एक नावाडी ओंडक्यांचा तराफा वल्हवत चालला आहे. त्याच्या अंगावर गवताचं पावसाळी पांघरूण आहे, आपल्या कोकणातल्या इरल्याचं भावंड शोभेलसं. पुलावर सगळी धावपळ, आणि हा गडी मात्र आपल्या लयीत. पाऊस आला म्हणून त्याचं काम थांबत नाही.

आता रेषा पाहा. पूल एका अंगाने कलता जातो, पलीकडचा काठ उलट अंगाने. कागदावर सरळ, स्वस्थ अशी एकही मोठी आडवी रेषा नाही. पायाखाली भक्कम काही नसल्यासारखं वाटतं आणि पळणाऱ्या माणसांची घाई पाहणाऱ्यालाही लागते. काठावरच्या इमारती आणि झाडं यांना बाह्यरेषाच नाहीत, नुसती राखाडी छाया. जवळचं सगळं रेषेने बांधलेलं, लांबचं सगळं रेषा सोडून दिलेलं. दाट सरीत दहा पावलांपलीकडचं जग असंच विरघळतं.

या सगळ्यावरून, माणसं-पूल-पाणी काही न मानता, वरपासून खालपर्यंत पावसाच्या शेकडो बारीक रेषा जातात. चित्राचा प्राण त्यांत आहे. ब्रश किंवा लेखणी हातात असती तर अशी रेषा ओढणं म्हणजे क्षणाचं काम. लाकडात गोष्ट उलटी. ठोकळ्याचा जो भाग उंच राहतो तोच छापला जातो. म्हणून एक रेषा हवी, तर तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड खोदून काढायचं आणि मधे केसाएवढा बांध शिल्लक ठेवायचा. चित्रकाराचं रेखाटन पातळ कागदावर असे. तो कागद पालथा घालून चेरीच्या फळीवर चिकटवत आणि त्याच्यावरूनच कोरत. कोरण्यात मूळ रेखाटन नाहीसं होई. हात घसरला तर पुन्हा पाहायला काही उरत नसे. अशा रेषा इथे एका नव्हे, दोन फळ्यांवर कोरल्या आहेत. एका फळीचा कल दुसरीहून किंचित वेगळा, एकीची शाई गडद, दुसरीची फिकी. एकावर एक छापल्यावर रेषा मधूनच एकमेकींना छेदतात आणि सरीला खोली येते. एकच फळी असती तर तो पावसाचा पडदा झाला असता. दोन फळ्यांमुळे आपण पावसाच्या आत जातो.

वरचं आभाळ मात्र कोरलेलं नाहीच. कागदाच्या वरच्या कडेला काळ्या ढगाचा जो लोंबता, वेडावाकडा पट्टा आहे, त्याला लाकडात आकार दिलेला नाही. सपाट फळी ओली करून छापणारा कारागीर तिच्यावर रंग लावतो, तो पसरवत-पुसत गडदाचा फिका करत नेतो आणि तेवढ्यात कागद ठेवून दाब देतो. या छटाकामाला जपानी कारागीर ‘बोकाशी’ म्हणतात. प्रत्येक प्रतीसाठी हे नव्याने करायचं, त्यामुळे कोणत्याच दोन प्रतींतला ढग हुबेहूब सारखा नसतो. हेच चित्र वेगवेगळ्या संग्रहालयांत पाहिलं तर कुठे आभाळ फुटायच्या बेतात दिसतं, कुठे नुसतं मळभ. जिथे कारागिराने मन लावलं तिथे ढग जड आहे, जिथे घाई केली तिथे तो रंगाचा साधा पट्टा उरला आहे.

म्हणून या चित्राचं श्रेय एकट्या हिरोशिगेला देणं अन्यायाचं. प्रकाशक पैसा घाली, चित्रकार रेखाटन करी, एक कारागीर कोरी, दुसरा छापी. दर रंगाला वेगळी फळी, आणि प्रत्येक फळीवर कागद त्याच जागी बसावा म्हणून कोपऱ्यात कोरलेली खूण. दाब यंत्राचा नाही, बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने कागदाची पाठ घासायची. या कारागिरांची नावं बहुतेक वेळा चित्रावर येत नसत. हिरोशिगेचा मोठेपणा असा की कोरणाऱ्याला काय साधेल आणि छापणाऱ्याच्या हाती काय सोडून द्यावं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पाऊस त्याने पहिल्याकडे सोपवला, ढग दुसऱ्याकडे.

तो पावसाचा एकच साचा वापरत राहिला असंही नाही. सुमारे पंचवीस वर्षं आधीच्या तोकाइदो रस्त्याच्या मालिकेत शोनो गावचा पाऊस आहे. तिथे सर वाऱ्याबरोबर सपकन तिरपी येते, मागे बांबूची बनं राखाडीच्या चढत्या-उतरत्या छटांत वाकतात, वाटसरू चढावर धापा टाकतात आणि उतारावर पळतात. तो वाऱ्याचा पाऊस. आताकेवरचा पाऊस जवळजवळ उभा, वजनाने कोसळणारा. तंत्र तेच, डोळा नवा.

या चित्राला बाहेरून मिळालेलंही पुष्कळ आहे. नदीचा तो गहिरा निळा हा प्रशियन निळा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला हा रंग डच आणि चिनी व्यापाऱ्यांमार्फत जपानात पोचला आणि १८३० च्या सुमारास तिथल्या निसर्गचित्रांचा चेहरामोहराच बदलला. दूर जाणारं लहान होत जातं ही दृश्याची मांडणीही जपानी चित्रकारांनी युरोपकडून घेतली होती. घेतलेलं त्यांनी असं पचवलं की पुढे युरोपला त्यात अस्सल जपान दिसलं.

ते ज्यांना दिसलं त्यांत व्हिन्सेंट व्हॅन गॉग होता. पॅरिसमध्ये तो स्वस्तात मिळणारी जपानी मुद्राचित्रं शेकड्यांनी जमवत होता. १८८७ साली त्याने हाच पावसातला पूल तैलरंगात रंगवला. ते चित्र आज आम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. त्याने रंग तीव्र केले आणि भोवती एक चौकट काढून तिच्यात दुसऱ्या मुद्राचित्रांतली जपानी अक्षरं उतरवली. चित्र देखणं आहे, पण पाऊस हिरोशिगेचा नाही. हिरोशिगेचं पाणी सपाट आणि गप्प आहे, म्हणून त्यावरच्या रेषा धारदार लागतात. व्हिन्सेंटचं पाणी ब्रशच्या फटकाऱ्यांनी आधीच खळबळलेलं, त्यात पावसाच्या रेषा मिसळून जातात. तैलरंगाला लाकडाची भाषा बोलायला लावली की हे व्हायचंच.

खरी शिकवणी पुढच्या वर्षी फळाला आली. १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्सातल्या आर्ल इथे त्याने बोरूने रेखाटनं केली. त्यांत छत्र्या नाहीत, किमोनो नाहीत, चौकटीतली अक्षरंही नाहीत. आहेत ती गव्हाची शेतं आणि फळबागा. पण गवताला एक खूण, नांगरटीला दुसरी, आभाळाला ठिपके: दर वस्तूसाठी रेषेची वेगळी जात, आणि तेवढ्यावर सगळं दृश्य उभं. त्याच वर्षी रंगवलेल्या ‘पेरणारा’ या चित्रात झाडाचं एक खोड अगदी पुढून, तिरपं, सगळं दृश्य कापत जातं. हिरोशिगेच्या त्याच एदो मालिकेतल्या, कामेइदोमधल्या आलुबुखारच्या झाडाची आठवण त्यात स्पष्ट आहे, आणि तरीही ते झाड फ्रान्सच्याच मातीतलं आहे.

आज चित्रकला शिकणारी मुलं मुद्राचित्रांची शैली हौसेने उचलतात, आणि ते चांगलंच आहे. संगणकावर लाकडाचे रेशे, शाईचा खडबडीतपणा, सरकलेला रंग हे सगळं एका बटणावर मिळतं. पण खडबडीतपणा ही शैली नव्हे, ती कामाची राहिलेली खूण. हिरोशिगेच्या रेषा बारीक आहेत कारण बारीक रेषा कोरण्याचं आव्हान त्या फळीने पुढे ठेवलं होतं. उचलायचं तर ते आव्हान उचलावं. आपल्या हातातलं साधन, मग तो लिनोलियमचा तुकडा असो की पडद्यावरची लेखणी, काय सहज करतं आणि कशाला अडतं हे तपासावं, आणि त्या अडण्यातून आपली रेषा काढावी. नक्कल करायलाही हरकत नाही. व्हिन्सेंटने केलीच होती. तिथे थांबू नये, एवढंच.

मोठ्या संग्रहालयांनी आपापल्या प्रतींची छायाचित्रं सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. एखाद्या दुपारी या पावसाच्या दोन-तीन प्रती आणि व्हिन्सेंटचा पूल शेजारी-शेजारी उघडा. आधी ढग ताडून पाहा, मग फक्त पावसाच्या रेषा वरून खाली मोठ्या करून पाहत या. शैली म्हणजे काय यावर ऐकलेल्या बऱ्याच व्याख्यानांपेक्षा तेवढी दुपार जास्त शिकवेल.