हिब्रू रंगभूमीवर ‘चेरीची बाग’: सर्वनामे आणि वाद्यवृंद

चेखवचे ‘चेरीची बाग’ हे नाटक मॉस्को आर्ट थिएटरने १९०४ साली प्रथम रंगभूमीवर आणले. तेल अवीवच्या नाट्यगृहात त्याचा हिब्रू प्रयोग पाहणाऱ्या, पण रशियन संहिता परिचित असलेल्या प्रेक्षकाला पहिल्या अंकापासूनच एक उणीव जाणवत राहते. रशियन भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसारखी दोन संबोधने आहेत आणि चेखवने समाजाची सारी उतरंड त्यांवर तोलली आहे. मालकीण रानेव्हस्काया वृद्ध सेवक फीर्सला एकेरीत संबोधते. त्यात जिव्हाळा आहे, तशी मालकीही. फीर्स ५१ वर्षांच्या गायेवला विजारीवरून दटावतो, परंतु आदरार्थी रूप सोडत नाही. तरुण नोकर याशा मात्र ८७ वर्षांच्या फीर्सला एकेरीतच मरणाची वाट दाखवतो.

हिब्रूत मंत्री असो वा मोलकरीण, समोरच्या एका व्यक्तीसाठी एकच संबोधन, तेही लिंगानुसार बदलणारे. ‘मान्यवर’ या अर्थाचे जुने तृतीयपुरुषी रूप वापरता येते, पण त्याला न्यायालयाचा वास येतो. आदर आणि लिंग दोन्ही क्रियापदात वाहू शकणाऱ्या मराठीच्या अभ्यासकाला ही अडचण विशेष उमगावी. भूदासाचा मुलगा लोपाखिन त्याच वाड्याचा धनी होतो, या घटनेचा धक्का समतल भाषेत बोथट होतो. ही हानी खरी आहे. ‘अनुवादात काही हरवतेच’ असे म्हणून ती झटकून टाकणे हा समीक्षेचा आळस होय.

अशा वेळी उतरंड नटाच्या देहात शोधावी लागते: कोण बसते, कोण उभे राहते, पेला कोण उचलते. यासाठी लागणारे भांडवल हिब्रू रंगभूमीजवळ आरंभापासून आहे. ‘हबीमा’ ही संस्था क्रांतिकाळात मॉस्कोतच उभी राहिली. स्तानिस्लाव्हस्कीचा शिष्य वाख्तांगोव्ह याने १९२२ साली तिच्यासाठी ‘दिब्बुक’ बसवले. १९२६ साली ती रशियातून बाहेर पडली. पुढे १९९१ साली सोव्हिएत स्थलांतरितांनी ‘गेशर’ स्थापन केली, तेव्हा रशियन अभिनयपरंपरा पुन्हा एकदा हिब्रूत उतरली.

मात्र या प्रयोगाचे खरे मर्म तिसऱ्या अंकात आहे. लिलावाच्या दिवशी वाड्यात नृत्य चालू असते आणि वाजवणारे असतात स्थानिक यहुदी वाद्यवृंदाचे कलावंत. चार व्हायोलिन, एक बासरी, एक डबल बास. हा तपशील दुसऱ्या अंकात गायेव सहज सांगून जातो. रशियन प्रयोगात हा वृंद पार्श्वसंगीताच्या पलीकडे सहसा जात नाही; हे लोक बाहेरच्या दालनातच राहतात, त्यांना एकही संवाद नाही. आणि ज्या १९०३ साली चेखव हे नाटक पूर्ण करत होता, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये किशिनेव्हला यहुद्यांचे शिरकाण झाले होते.

हिब्रू प्रयोगात रशियन जमीनदार त्या वादकांच्या प्रार्थनेच्या भाषेत बोलू लागतात. वार्या जेव्हा वादक बोलावले खरे, पण बिदागी कोठून द्यायची असे स्वतःशी पुटपुटते, तेव्हा तिचे वाक्य दालनाबाहेरच्या त्या माणसांना समजत असणार, हा भाव प्रेक्षागृहात दाटतो. बाग विकत घेऊन आलेला लोपाखिन त्यांना मोठ्याने वाजवण्याचा हुकूम सोडतो. तो हुकूमही त्यांच्याच भाषेत असतो, आणि ते वाजवू लागतात.