स्टार नसलेलं दुकान

गेल्या दिवाळीत सांगलीला आत्याच्या फोनमधली गॅलरी बदलत होतो. जुन्या अ‍ॅपमध्ये दोन फोटो सरकवले की तिसऱ्या जागी जाहिरात यायची. नातवाच्या बारशाचे फोटो बघता बघता थेट रमी खेळायचं आमंत्रण! मी एफ-ड्रॉइड टाकलं, त्यातून ‘फॉसिफाय गॅलरी’ शोधली आणि फोन तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून पान वर-खाली केलं आणि विचारलं, “अरे, याला स्टार किती आहेत?”

नव्हतेच. एफ-ड्रॉइडवर कुठल्याच अ‍ॅपला स्टार नसतात. किती लोकांनी डाउनलोड केलं, तो आकडाही नसतो. हे दुकान मी कॉलेजपासून वापरतोय, पण त्या प्रश्नानंतर पहिल्यांदाच त्याची पानं नीट वाचली.

एफ-ड्रॉइड सुरू झालं २०१० साली. इथे फक्त मुक्त सॉफ्टवेअर मिळतं, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा आणि पुढे वाटावा. खातं उघडावं लागत नाही. अ‍ॅप बनवणाऱ्याने दिलेली तयार फाइल तशीच पुढे न करता, कोडवरून इथले लोक ती स्वतः तयार करून बघतात. त्यामुळे कोड एक दाखवायचा आणि फोनमध्ये भलतंच भरायचं, ही चलाखी अवघड होते. त्यापायी अपडेट काही दिवस उशिरा येतात, ते मला चालतं.

या दुकानातलं सगळ्यात चांगलं लिखाण म्हणजे ‘अँटी-फीचर्स’ची यादी. अ‍ॅप जाहिराती दाखवत असेल, तुमच्या वापराची माहिती कुठे पाठवत असेल, त्यात माहीत असलेली सुरक्षेची चूक असेल, तर ते त्याच्याच पानावर लिहिलेलं असतं. यूट्यूबचे व्हिडिओ विनाजाहिरात दाखवणारं ‘न्यूपाइप’ या मंडळींचं लाडकं अ‍ॅप. त्यावरही शेरा आहे, की हे मुक्त नसलेल्या सेवेवर अवलंबून आहे. भाजीवाल्याने आपणहून “ताई, मेथी कालची आहे” म्हणावं, तसं हे. प्ले स्टोअरच्या पानांवर इतका स्पष्ट सूर मला कधी सापडला नाही.

पण कालची मेथी सांगायची तर ती गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत सांगायला हवी. इथली कित्येक वर्णनं प्रोग्रामरने प्रोग्रामरसाठी लिहिलेली आहेत: कोटलिनमध्ये लिहिलंय, हलकं आहे, अमुक लायब्ररी वापरली आहे. आत्याला यातलं काय कळणार? माझे फोटो जागेवर राहतील का, पुढे जाहिराती येतील का, अडलं तर कुणाला विचारू, हे तिचे प्रश्न. त्यांची उत्तरं पानावर नाहीत. अनेक अ‍ॅप्सना तर स्क्रीनशॉटही नाहीत. दुकान उघडल्यावर समोर येतात नुकतीच अपडेट झालेली अ‍ॅप्स. म्हणजे फोनवर गाणी ऐकायला काहीतरी शोधणाऱ्यासमोर सर्व्हर सांभाळायचं एखादं अवजार येऊ शकतं.

कुणालाच वर-खाली न करणं म्हणजे तटस्थता, असं आम्हा इंजिनिअर लोकांना मनापासून वाटतं. मला आता ते पटत नाही. मांडामांड नसलेल्या दुकानात ज्याला नाव आधीच माहीत आहे, त्यालाच वस्तू सापडते. फॉसिफाय मला सापडलं, कारण एका मित्राने त्याची गोष्ट सांगितली होती.

‘सिंपल मोबाइल टूल्स’ नावाचा छोट्या अ‍ॅप्सचा एक संच होता. गॅलरी, कॅलेंडर, फाइल मॅनेजर वगैरे. २०२३च्या शेवटी तो एका कंपनीला विकला गेला. पण कोड जीपीएल परवान्याखाली होता, त्यामुळे तोवरचा कोड कुणालाच कुलपात टाकता येणार नव्हता. त्यावर काम केलेल्या एकाने तो घेऊन वेगळी चूल मांडली. तेच फॉसिफाय. स्टारचं काय होतं बघा: ते मिळालेले असतात जुन्या मालकाच्या कामाला, आणि विक्रीत अ‍ॅपसोबत जातात नव्याकडे. आत्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर या गोष्टीत होतं, ते आकड्यात मावलं नसतं.

म्हणून माझी तक्रार एफ-ड्रॉइडपेक्षा आमच्याबद्दल जास्त आहे. आम्ही ग्रुपवर लिंक टाकतो, खाली लिहितो “ओपन सोर्स आहे, बिनधास्त घे” आणि पुढे सरकतो. दुकान स्वतःच्या मालातले दोष छापतं, आम्ही मात्र नुसती भलामण करतो. घेणाऱ्याने महिनाभरात वैतागून ते काढून टाकलं, तर आम्हाला पत्ताही नसतो. जिथे स्टार नाहीत तिथे शिफारस करणाऱ्याचा शब्द हाच स्टार, आणि तो आम्ही फार स्वस्तात देतो.

त्या दिवशी मी आत्याला सगळं सांगितलं. “चेहऱ्यावरून फोटो शोधता येणार नाहीत. फोन हरवला तर फोटो गेले, कारण हे अ‍ॅप आपोआप बॅकअप घेत नाही. जाहिरात मात्र येणार नाही.”

“मग बॅकअप कोण घेणार?”

“मी.”

त्यानंतर दोनदा सांगलीला गेलो. दोन्ही वेळा खिशात पेन ड्राइव्ह होता.