नम्रता: 'स्मृतिचित्रे'च्या अंगाने

विषय जाहीर झाला तेव्हा एका श्रोत्याने विचारलं, "सर, ख्रिस्ती नम्रतेशी जळगावचा काय संबंध?" संबंध आहे. 1907 साली इथे कविसंमेलन झालं आणि धरणगावचे ठोंबरे 'बालकवी' झाले. तेच पुढे अहमदनगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी राहिले. त्या घराची हकिकत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे.

नम्रता शोधायची तर आम्हीही आधी टिळकांच्या अभंगांकडेच गेलो होतो. त्यांनी ख्रिस्ती उपासनेला मराठी वळण दिलं, हे मोठंच काम. पण "मी दीन, मी पतित" ही भाषा भक्तिपरंपरेने आपल्याकडून इतकी घोटून घेतली आहे की ती तोंडात आपोआप येते, आणि तसं म्हणणारा 'मी' मात्र ऐसपैस बसलेला असतो! 1917 मध्ये टिळकांनी मिशन सोडून 'देवाचा दरबार' मांडला. त्याग खराच, पण आम्हाला त्यात नम्रतेपेक्षा स्वतःला आलेल्या हाकेवरचा विश्वास जास्त दिसतो.

लक्ष्मीबाईंचं वेगळं. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. काही वर्षांनी बाई त्यांच्याकडे परतल्या त्या सोवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. मग जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. विटाळ आधी गेला. बाप्तिस्मा नंतर, 1900 साली. हा क्रम महत्त्वाचा. आणि हे सगळं त्या सांगतात ते स्वतःच्या हट्टाला हसत हसत. पश्चात्तापाचं प्रदर्शन नाही.

कुणी म्हणेल, ही समाजसुधारणा झाली, देव कुठे आला? फिलिप्पैकरांस पत्रात पौल म्हणतो, ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं. बाईंनी काय रिक्त करायचं होतं? देवापुढे वाकायची तर त्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या सवय होती. अडत होतं ते प्रार्थनेला शेजारी बसणाऱ्याच्या हातचं पाणी प्यायला. तिथे वाकल्याशिवाय देवापुढचं वाकणं म्हणजे नुसती कवायत.

आम्ही धुळ्याला वर्गात नम्रतेची व्याख्या फळ्यावर लिहीत असू. तास संपला की शिपाई पाणी आणून देई. त्याचं नाव आम्ही विचारलं ते निवृत्तीच्या दिवशी. निरोपाच्या भाषणात घालायला हवं होतं म्हणून.