बंदुकीआधीचा हिशेब

फ्रेड झिनेमान यांच्या ‘हाय नून’मधला (१९५२) सर्वांत जीवघेणा प्रसंग चर्चमध्ये घडतो आणि तिथे एकही गोळी सुटत नाही. सूड उगवायला निघालेला फ्रँक मिलर दुपारच्या गाडीने येणार, त्याचे तीन साथीदार स्टेशनवर थांबलेले. प्रार्थना चालू असताना मार्शल विल केन मदतीला माणसे मागत आत येतो. वाद पेटतो. मार्शल पोसायला आम्ही पैसे मोजतो, मग लढायचे आम्ही का, असेही कुणी विचारतो. शेवटी हेंडरसन हा वजनदार गृहस्थ उठतो, केनचे तोंडभरून कौतुक करतो आणि त्याच दमात सांगतो की उत्तरेकडचे लोक इथे दुकाने-कारखाने काढायच्या विचारात आहेत, रस्त्यात मुडदे पडले तर ते फिरकणार नाहीत, तेव्हा केनने गाव सोडलेलेच बरे. पारंपरिक वेस्टर्न आजही पाहावासा वाटतो तो अशा प्रसंगांसाठी. कायदा सर्वांनाच हवा असतो. त्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न इतका उघड्यावर मांडणारा दुसरा चित्रपटप्रकार हॉलिवूडने घडवला नाही.

हा प्रश्न त्या भूमीतूनच उगवला. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांचे तुकडे वाटायला घेतले, १८६९मध्ये पॅसिफिकपर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाला. न्यायालये मात्र अनेक ठिकाणी मागाहून पोचली. या मधल्या काळाचा हिशेब जॉन फोर्ड यांनी ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये (१९६२) मांडला. गुंडाला मारल्याच्या ख्यातीवर रॅन्सम स्टॉडर्ड हा वकील सिनेटर होतो. प्रत्यक्षात अंधारातून गोळी झाडलेली असते टॉम डॉनिफनने. तो विस्मरणात मरतो. अंत्यदर्शनाला आलेला स्टॉडर्ड शवपेटीत डोकावतो, तर टॉमच्या पायात बूट नाहीत. ते त्याला पुन्हा घाला, असे तो बजावतो. प्रजासत्ताकाचे हे ऋण एका बुटांच्या जोडीतून कळते, भाषणाची गरज पडत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप असा की ती भूमी रिकामी नव्हतीच. ज्यांची होती त्यांना या चित्रपटांनी केवळ धोका म्हणून रंगवले. तो खराच आहे. मॉन्युमेंट व्हॅली नवाहो लोकांची. फोर्ड यांनी तिथल्याच नवाहोंना इतर जमातींचे म्हणून पडद्यावर उभे केले, आणि ‘द सर्चर्स’मधला (१९५६) कोमांची प्रमुख स्कार साकारला तो बर्लिनमध्ये जन्मलेल्या हेन्री ब्रँडन यांनी. कलेच्या नावाखाली हे माफ करता येत नाही. तरी त्याच चित्रपटात जॉन वेनसारखा लाडका नायक आपल्या पुतणीला मारायला निघतो, कारण ती कोमांचींमध्ये वाढली आहे. आपली मुले गोऱ्यांनी मारली, हे सांगायची संधी स्कारलाही मिळते. स्कार तिथे पुरता माणूस होत नाही, हे फोर्ड यांचे अपयश. पण नायकाचा द्वेष पाहून प्रेक्षकाला त्याचीच धास्ती वाटू लागते, हे त्यांचे धाडस.

सगळे वेस्टर्न एकसारखेच, ही तक्रार मात्र मला पटत नाही. चौकट ठरलेली असल्यामुळेच चित्रपट एकमेकांशी वाद घालू शकले. मार्शलने दारोदार मदत मागत फिरावे हे हॉवर्ड हॉक्स यांना रुचले नाही. त्यांनी ‘रिओ ब्राव्हो’मध्ये (१९५९) असा शेरीफ उभा केला, जो हौशी मदतनीस नाकारतो. आपल्याकडे ‘शोले’मध्ये (१९७५) एकेकाळचा पोलीस अधिकारीच दोन भुरट्या गुन्हेगारांना पैसे देऊन बोलावतो, तेव्हा तोच वाद रामगढला येऊन पोचतो.

आज वेस्टर्न मोजकेच निघतात, आणि त्यांतले पुष्कळसे टोप्या व धूळ एवढेच उचलतात. डेव्हिड मॅकेन्झी यांचा ‘हेल ऑर हाय वॉटर’ (२०१६) त्यांत वेगळा. टेक्सासातले दोन भाऊ, जी बँक त्यांचे रँच गिळायला बसली आहे तिच्याच शाखा लुटत सुटतात. उपाहारगृहातल्या वेट्रेसला त्यांच्यापैकी एकाने दिलेली दोनशे डॉलरची टिप रेंजर पुरावा म्हणून मागतो. घराच्या कर्जाचा हप्ता भरायचा आहे म्हणून ती साफ नकार देते. इथे गाव घाबरलेले नाही. कायदा आपल्या बाजूचा नाही, असे त्याने ठरवून टाकले आहे, आणि तिला चूक ठरवणे चित्रपट अखेरपर्यंत टाळतो.