खलनायकाचे बालपण

दिवाळीच्या सुटीत मुले कोपऱ्यात चित्रकथा घेऊन बसली की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. 'काही चांगले वाच' हा उपदेश तर ठरलेलाच! अचाट शक्तीच्या नायकांच्या या गोष्टींत एक सज्जन, एक दुर्जन आणि मधल्या पानांवर हाणामारी, एवढेच असते अशी त्यामागची समजूत असते. पुष्कळ चित्रकथांच्या बाबतीत ती खोटी नाही. परंतु ज्या थोड्या चित्रकथा या ठरीव वाटेवरून बाजूला वळल्या, त्या बहुधा एखाद्या पात्राच्या बालपणापाशी थांबल्यामुळे वळल्या, असे मला दिसते.

नायकांना बालपण पहिल्यापासूनच होते. १९३८ साली अमेरिकेत अवतरलेला सुपरमॅन हा नष्ट होणाऱ्या ग्रहावरून धाडून दिलेला तान्हा जीव. १९३९ सालच्या बॅटमॅनने लहानपणी आईबापांची हत्या डोळ्यांदेखत पाहिलेली. मात्र येथे हिशेब सरळ आहे : मूल पोळले, म्हणून मोठेपणी ते दुसऱ्यांचे रक्षण करू लागले. वास्तविक दुःखाने माणूस चांगलाच होतो, असे कोठे आहे? ते त्याला कठोर आणि क्रूरही करते. ही दुसरी बाजू दाखवायची तर खलनायकाच्या बालपणाकडे वळायला हवे होते.

'एक्स-मेन' या मालिकेतील मॅग्नेटो हे त्याचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण. जन्मतःच अद्भुत शक्ती लाभलेली आणि म्हणूनच जगाला नकोशी झालेली माणसे, हा या मालिकेचा विषय. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली पहिल्याच अंकात मॅग्नेटोला आणले. लोखंडाला हवे तसे नाचवणारा, जग जिंकण्याच्या वल्गना करणारा हा गृहस्थ तेव्हा निव्वळ खलपुरुष होता. त्याला भूतकाळच नव्हता.

तो मिळाला अठरा वर्षांनी. १९८१ सालच्या दीडशेव्या अंकात लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी एक प्रसंग रंगवला आहे. किटी प्राइड ही तेरा-चौदा वर्षांची मुलगी मॅग्नेटोच्या यंत्रांची नासधूस करते. संतापाच्या भरात तो तिच्यावर प्रहार करतो आणि ती निपचित पडते. जवळ जाऊन पाहतो तो काय, हे तर पोर! त्या क्षणी त्याला स्वतःचे बालपण आठवते, ऑश्विट्झच्या छळछावणीतील. मृत्यूकडे हाकलली जाणारी घरची माणसे आठवतात. ज्यांचा आपण जन्मभर द्वेष केला, त्यांच्याच रांगेत आपण येऊन उभे राहिलो, हे त्याला उमगते.

या प्रसंगाचे बळ कशात आहे? मॅग्नेटोची भीती काल्पनिक नाही. 'हे आपल्यातले नव्हेत' असे एकदा ठरले की माणसे माणसांचे काय करतात, ते त्याने पाहिले आहे. त्याचे निदान बरोबर. उपाय मात्र भयंकर. याच अंकात त्याने एक रशियन पाणबुडी खलाशांसह बुडवली आहे, आणि लेखक ते विसरत नाही. पुढे १९८५ साली दोनशेव्या अंकात मॅग्नेटोवर खटलाही उभा राहतो. बालपण त्याला आपल्याजवळ आणते, पण दोषमुक्त करीत नाही. वाचकाला करुणा आणि न्याय या दोन्हींचा भार एकाच वेळी उचलावा लागतो.

दोषही सांगितले पाहिजेत. क्लेअरमाँट फार बोलतो. चित्राने जे सांगून टाकले, तेच तो पात्रांच्या तोंडून पुन्हा वदवतो. शिवाय दुखावलेले बालपण ही पुढे सोयीची युक्ती होऊन बसली. अशा कारणमीमांसेवर १९८८ सालच्या 'द किलिंग जोक'मध्ये ॲलन मूरने नेमके बोट ठेवले आहे : तेथील जोकरला आपला भूतकाळ कधी असा आठवतो, कधी तसा. एका जखमेत सारा माणूस सापडत नाही, हे त्याने बजावले, ते बरेच झाले.

मुलांना एवढे कळते का, असे कोणी विचारील. कर्णाची गोष्ट ऐकताना ती गप्प होतात, ती का? नदीत सोडलेले मूल त्यांच्या मनात रुतून बसते. आणि तरीही द्रौपदीच्या विटंबनेच्या वेळचे त्याचे शब्द त्यांना खटकतात. नरकचतुर्दशीला पहाटे आपण पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडतो. ते चिरडावेच. पण नरकासुर हा भूमातेचा पुत्र होता, हे ऐकून एखाद्या मुलाने 'मग तो असा का झाला?' म्हणून विचारले, तर त्याला अभ्यंगाच्या घाईत गप्प करू नये. असे प्रश्न विचारायला लावणारी चित्रकथा त्याच्या हाती असेल, तर ती खुशाल असू द्यावी. वडीलधाऱ्यांनीही ती एकदा मागून घेऊन वाचावी.