दोन पत्रे आणि एक गाळलेले कारण

अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी २०२४ च्या जुलै महिन्यात तेरा दिवसांच्या अंतराने दोन पत्रे प्रसिद्ध केली. ८ जुलैचे पत्र काँग्रेसमधील स्वपक्षीय सदस्यांना उद्देशून होते, २१ जुलैचे अमेरिकन जनतेला. पहिल्यात निवडणूक लढविण्याचा निर्धार होता, दुसऱ्यात माघार. २७ जून रोजी अटलांटा येथील वादसभेत ८१ वर्षांच्या बायडन यांची वाक्ये मध्येच तुटत गेली, हा या दोन्ही पत्रांचा प्रसंग होय.

पहिले पत्र आकड्यांचे आहे. प्राथमिक निवडणुकांत १ कोटी ४० लाखांहून अधिक मते, म्हणजे ८७ टक्के, आणि सुमारे ३,९०० प्रतिनिधी आपणांस मिळाले, असे ते सांगते. उमेदवार मतदारच ठरवितात; वृत्तपत्रे, पंडित वा धनाढ्य देणगीदार नव्हेत, हा त्यातील युक्तिवाद. दुसऱ्या पत्रात यांपैकी एकही आकडा नाही. ज्यांच्या कौलाचा आधार घेतला, त्या मतदारांना त्या कौलाचे काय झाले हे सांगितलेले नाही.

दुसऱ्या पत्रातील मुख्य वाक्याची घडण पाहण्याजोगी आहे. पुन्हा निवडणूक लढविण्याचा मानस होता, हे गौण वाक्यात येते. बाजूस होऊन उर्वरित काळात केवळ पदाची कर्तव्ये पार पाडणे पक्षाच्या व देशाच्या हिताचे आहे, हे प्रधान वाक्यात. (पक्ष आधी, देश मागाहून, हा क्रम अनवधानाचा असेल असे वाटत नाही.) मानस आणि हित यांना जोडणारे कारणवाचक वाक्य मात्र नाही. ‘वय’ नाही, ‘प्रकृती’ नाही. याचे कारण केवळ संकोच म्हणून सोडून देता येत नाही. प्रकृतीचे कारण दिले असते, तर २० जानेवारी २०२५ पर्यंत पदावर राहण्याचे समर्थन कसे करावयाचे, हा प्रश्न पुढच्याच ओळीत उभा राहिला असता. ‘केवळ कर्तव्ये’ या शब्दांनी तो टळला: क्षमतेचा प्रश्न सवडीचा झाला.

मराठीत या घटनेस ‘पायउतार होणे’ म्हणणे चूक ठरेल, कारण पद सुटलेले नव्हते. ‘उमेदवार बदलला’ हेही सैल आहे. पक्षाचे अधिकृत नामांकन व्हावयाचे होते. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर बायडन यांचे नाव आलेलेच नव्हते. त्यांच्या माघारीनंतर मोकळ्या झालेल्या प्रतिनिधींनी शिकागोच्या अधिवेशनापूर्वीच, ऑगस्टच्या आरंभी, दूरस्थ मतदानाने कमला हॅरिस यांना निवडले. बदलला तो प्रतिनिधींच्या मतांचा धनी.

लिंडन जॉन्सन यांनी ३१ मार्च १९६८ रोजी केलेल्या घोषणेशी तुलना उद्बोधक आहे. तेथे दोन नकार आहेत: नामांकन मागणार नाही, आणि दिले तरी स्वीकारणार नाही. दुसऱ्या नकाराने पक्षाच्या आग्रहाचीही वाट बंद होते. त्या वेळी बहुतेक प्राथमिक निवडणुका व्हावयाच्या होत्या, त्यामुळे साठलेल्या मतांचा हिशेब देण्याचा प्रसंग जॉन्सन यांच्यावर बायडन यांच्याइतका आला नव्हता.

२४ जुलैच्या भाषणात बायडन यांनी नव्या पिढीचा आणि तरुण आवाजांचा उल्लेख केला. तारुण्य तेथे इतरांचे विशेषण आहे. वक्त्याचे वय श्रोत्याने त्यावरून ताडावयाचे.